लाभ, दोन, तीन

सकाळचे साडेआठ. धुळे, पुरुष विभाग, खाट एकोणीस.
हिलाल उखा बोरसे, वय एकसष्ट, उजवा हात पडलेला,
तोंड डावीकडे ओढलेलं.
धंदा : तोलारी, मिरची बाजार, दोंडाईचा.
उशाशी बायको, मांडीवर स्टीलचा डबा.

माझ्या एप्रनच्या खिशात वस्तू असतात तपासणीच्या.
पेन, किल्ली, घड्याळ, फणी, कुणाच्या तरी शर्टाची सुटी गुंडी.
एकेक धरायची डोळ्यांसमोर
आणि विचारायचं, हे काय?

घड्याळाला ते म्हणाले, घड्याय.
मोठ्या सरांनी कालच्या राउंडला लाल शाईत लिहिलंय :
ळ च्या जागी य. ध्वनींची अदलाबदल.
सर कोल्हापूरचे, आठ महिने झाले इथे येऊन.
मी सोनगीरची.
हाच य माझ्या जिभेवरून
पाचवीतल्या बाईंनी फूटपट्टीने काढला होता,
केळं म्हण, केयं नाही, केळं,
वर्गाचं हसून होईपर्यंत.
लाल ओळीखाली मी निळ्यात लिहिलं :
इकडे असंच बोलतात.

एक ते दहा मोजा, म्हटलं.
लाभ, म्हणाले. दोन. तीन. चार.
पहिलाच आकडा चुकला, असं पेनाने जवळजवळ लिहिलंच.
तेवढ्यात केसरबाई :
पहिला मापले एक म्हनतस नही, बेन. लाभ म्हनतस.
दहाला थांबायचं होतं. ते थांबेनात,
अठ्ठावीस, एकोणतीस, थेट चाळीस,
आणि डावा हात दर आकड्याला
पारड्यातून काहीतरी उतरवून ठेवत होता.
मग शंभरातून सात वजा करायला सांगितले
तर नुसतं पंख्याकडे बघत राहिले.

कागद घ्या, मधोमध दुमडा, जमिनीवर ठेवा.
घेतला. छातीशी दाबून एका हाताने दुमडला,
पुन्हा दुमडला, टोक खोचलं, पुडी केली पक्की,
आणि उशीवर ठेवली.
माल जमिनीवर कोण ठेवतं?
तीनपैकी किती देऊ, रकान्याला कळत नाही.

पण सगळंच बोलीवर घालून चालणार नाही.
पेनाला ते तिखट म्हणाले.
किल्लीलाही तिखट.
फणी धरली तर, ते, ते डोकानं, आणि परत तिखट.
मग ते स्वतःचंच त्यांच्या कानावर पडलं
आणि त्यांनी एक शिवी हासडली,
स्वच्छ, अख्खी, व्याकरणासकट.
शिव्या मेंदूच्या उजव्या गल्लीत राहत असाव्यात,
जिथे परवा रात्री काही बिघडलं नाही.
केसरबाई पदराआड गेल्या.
मला इतकं बरं वाटलं की मी तीसुद्धा नोंदवली.

शेवटी गुंडी.
हाई काय शे, बाबा?
आवाज माझाच होता, पण तो
मी फक्त आईशी फोनवर वापरते, दार लावून.
ते गुंडीकडे बघेनात. माझ्याकडे बघत राहिले.
कोनी आंडेर तू?

दोन दिवसांतलं पहिलं सरळ वाक्य,
आणि तपासणी माझी.
सोनगीरनी, म्हटलं. वडिलांचं नाव सांगितलं.
त्यांनी मान हलवली, जणू वजन बरोबर भरलं,
आणि डोळे परत गुंडीवर आणले.

ओठ जुळतात. सुटतात.
केसरबाईंच्या तोंडात शब्द तयार आहे,
मी हात वर करून त्यांना अडवते.
बाहेर चहावाला खाटा मोजत येतोय.
गुंडी माझ्या चिमटीत, जरा ओली झालेली,
आम्ही तिघंही
गु च्या अलीकडे.