रिकामी समजू नये

वडसा गाडीच्या ड्रायव्हरमागे ठेवून
नागपूरहून थर्माकोलचा डबा आला.
कंडक्टर म्हणाला, मासोळी हाय का यात?
नाही.
मंग औषध?
औषधही नाही.
मग काय, ते फाट्यावर उभ्या उभ्या
मला सांगता आलं नाही.

डब्यात पिशवी, पिशवीत पुडकं,
पुडक्यात करंगळीच्या पेराएवढी कुपी
आणि कुपीत काहीच नाही.
सोबतच्या कागदावर मात्र बजावलेलं :
भुकटी दिसली नाही तरी रिकामी समजू नये.
उघडण्याआधी फिरवून घ्यावी.
दहा मायक्रोग्रॅम.
जनरेटरच्या चार महिन्यांच्या डिझेलची किंमत.

नाव लांबलचक. रिकॉम्बिनन्ट ह्यूमन,
त्यापुढे तीन अक्षरं.
आपल्या हाडांच्या पोकळीत हा निरोप फिरत असतो,
कोवळ्या पेशीच्या दाराशी बसतो, म्हणतो,
मरू नको. वाढ.
हा मात्र जिवाणूंनी घडवलेला.
कुणी माणसाच्या जनुकातली एक ओळ
त्यांच्या पोटात उतरवली,
त्यांनी ती रातभर गिरवली, हजारदा, लाखदा.
त्यांना स्वतःला त्या ओळीचा उपयोग शून्य.

माझा बाप मुरुमबोडीचा कोतवाल.
डफडं वाजवून दवंडी द्यायचा.
तहसीलचा कागद त्याला वाचता येत नव्हता,
तलाठी एकदा सांगे, हा पाठ करी.
'हरकत', 'मुदत', 'आकारणी',
चारही टोल्यांतून त्याच्या तोंडून हे शब्द गेले
आणि माणसं उठून कामाला लागली.
एकदा मायनं जेवताना विचारलं,
हरकत म्हंजे काय जी?
मले का मालूम, तो म्हणाला,
आयकनाऱ्याले समजते.

सेंट्रिफ्यूज थांबेपर्यंत मी हेच आठवत होतो.

रक्त हेमलता मडावीचं. वय चौदा.
धानकापणीत तिचे गुडघे सुजतात,
मग बांधावर बसून ती दुसऱ्यांचे विळे पाहते.
आपल्या रक्तातही विळे आहेत
हे तिला शाळेत कार्ड मिळालं तेव्हाच कळलेलं.
कुपीकडे बोट करून म्हणाली,
हे मले टोचनार का?
मी लेबल वाचून दाखवलं.
फक्त संशोधनासाठी. माणसाला देऊ नये.
मानसाचंच हाय म्हन्ता ना?
हो.
अन मानसालेच नाही?
शुद्धता, चाचण्या, परवानग्या, वर्षं,
माझ्याकडे उत्तर होतं. दिलंही.
ती खिडकीतून मोहाच्या झाडाकडे पाहत राहिली.

नवव्या रात्री लाईट गेली.
जनरेटर दोनदा खोकला आणि बसला.
पेशींना सदतीस डिग्री हव्यात, बाहेर अकरा.
उबवणीच्या पेटीवर मी माझी चादर टाकली,
वर शिपायाचं घोंगडं.
उरलेल्या निरोपाला मात्र थंडी हवी,
एकदा वितळला की त्याचा भरवसा नाही.
ढिवरटोल्यात गयाबाईचं दार वाजवलं.
तिनं मासोळीचा बर्फ दिला, पैसे घेतले नाहीत,
म्हणाली, डबा धून आन जो.
तो कंडक्टर आठवला, हसू आलं.

चौदाव्या दिवशी नळीच्या तळाशी
कुंकवाच्या बोटाएवढा लाल ठिपका.
हेमलतानं नळी उजेडात धरली.
हे माह्यं हाय?
तुझंच.
हे बी विळेच होतीन ना?
होतील. कसे होतात तेच पाहायचंय.
मंग वाढले कायले?

सांगितलं म्हणून, मी म्हणालो.

तिनं नळी जपून परत दिली.
तीनची गाडी गाठायची होती,
आणि चपलेचा अंगठा तुटलेला होता,
तो तिनं माझ्याकडच्या चिकटपट्टीनं बांधला.