एक्केचाळीसपासून पुन्हा

सरहद्द उघडून तीन वर्षं झाली होती
आणि ओलोमोउत्सहून व्हिएन्नापर्यंतचा प्रवास
व्हेंडुलाच्या मामेभावाच्या वशिल्यानं फुकट जमला होता,
म्हणजे टेम्पोच्या मागच्या भागात, कोबीच्या पोत्यांवर बसून.

पिशवीत बारा उकडलेली अंडी, चरबी फासलेला पाव,
काकडीचं लोणचं (बरणी ब्रनोच्या अलीकडेच फुटली;
उरलेले सात दिवस आम्ही दोघी आणि आमचे मोजे
बडीशेपेच्या वासाचे होतो)
आणि एक वही. खर्च ती लिहायची, मी सही करायची.
"व्हिएन्ना. कॉफी. काचेतून पाहिली."
रकमेच्या रकान्यात शून्य.

मैफिलीचं तिकीट म्हणजे आमचा आठवड्याचा पाव.
पण तालमीला तिकीट कोण मागतं?
हा व्हेंडुलाचा शोध:
बगलेत काळा पुठ्ठा धरून, कपाळाला आठी घालून,
उशीर झाल्यासारखं भराभरा चालायचं,
दारवान स्वतःहून दार उघडतो.
पुठ्ठ्यात आमच्या रेल्वेचं जुनं वेळापत्रक होतं.

ग्राझला शाळेच्या सभागृहात, साल्झबुर्गला देवळाच्या माळ्यावर,
खांबाआड, बूट हातात घेऊन,
कारण तिच्या उजव्या बुटाची टाच बोलायची.

असं सगळं संगीत ऐकलं आम्ही, तुटक.
व्हायोलिनं चढत चढत एका कडेशी यायची,
चेलो खालून त्यांना हात द्यायला निघायचे,
आणि टक टक टक,
लोखंडी स्टँडवर काठी.
"नाही. पुन्हा. एक्केचाळीसपासून."
ओबोवाल्या बाई नाक शिंकरायच्या.
कुणीतरी खुर्ची सरकवायचं.
पुन्हा ती चढण, पुन्हा ती कड,
पुन्हा टक टक टक.
साडेअकराला त्यांची जेवणाची सुट्टी व्हायची.
पलीकडे काय आहे ते आम्हाला कळलं नाही.

लिंत्समध्ये ओटिलिया नावाच्या विधवेनं
दोन पोती बटाटे सोलण्याच्या बदल्यात खोली दिली.
"कशी झाली मैफल?"
"अर्धीच ऐकली."
"मग सूपही अर्धंच," म्हणाली,
आणि वाडगा काठोकाठ भरून पुढे सरकवला.
तिच्या न्हाणीघरातला नळ रात्रभर एकाच सुरात गळत होता.
व्हेंडुला म्हणाली, हा तरी थांबत नाही.

भांडलो एकदाच.
मी एकटीनं, कोपऱ्यावर उभी राहून,
चॉकलेटच्या केकचा एक तुकडा खाल्ला.
तिला वासावरून कळलं.
दीड दिवस अबोला, आणि वहीत
तिच्या सुबक अक्षरात: अठ्ठावीस शिलिंग, चोरी.
त्यावरही मी सही केली.

गेल्या महिन्यात मुलीनं मला साठीची भेट दिली:
प्रागमध्ये पहिल्या रांगेतली खुर्ची, मखमली,
किंमत विचारायची नाही अशी.
कार्यक्रमपत्रिका मी चष्म्याअभावी वाचली नव्हती.
पण ती चढण माझ्या पायांनी ओळखली.
कड आली.
मी हातातला रुमाल घट्ट धरला, मान खाली घातली,
आता काठी वाजेल.

वाजली नाही.
आपला थांबा न घेता निघून गेलेल्या ट्रामसारखं
ते सगळं माझ्यासमोरून पुढे गेलं,
ओळखीचं एकही घर नसलेल्या भागात.
लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.
मी बुटांत पाय सारत होते.
कधी काढले होते कोण जाणे.

रात्री अकराला ओस्त्रावाला फोन लावला.
"व्हेंडुला, ते पुढे जातं."
"काय?"
"एक्केचाळीसच्या पुढे. आहे तिथं बरंच काही."
ती जरा वेळ गप्प.
पलीकडे काहीतरी उकळत होतं.
"कसं आहे? म्हण ना."
मला काय गाता येतं? तरी म्हणायला लागले,
चढणीपर्यंत ठीक, कडेवर आवाज फाटला,
पुढचं जे आलं ते बहुधा माझंच होतं.

आणि तिकडून,
पातेल्याच्या काठावर डाव आपटल्याचा आवाज:
टक टक टक.