शेरा

रजिस्टरात शेरा आहे : वर्तन शांत.
सरकारी वकील तेवढंच वाचून खाली बसतात.

मी उभी राहते.
पातीराम सहरिया, कच्चा कैदी,
मोटारपंप चोरल्याचा आरोप, तीन वर्षं.
हजेरीत नाव पुकारलं की
तो मागे वळून बघतो, कोण आलंय.
अर्धी पोळी कांबळ्याखाली ठेवतो
भिंतीतल्या भावासाठी.
(हे अर्जात नाही. अर्जात कलम एकशे तीन,
आणि मनाच्या डॉक्टरची रिकामी जागा.)

ग्वाल्हेरात जेल आणि मानसिक आरोग्यशाळा
एकाच रस्त्यावर.
टेम्पोवाला दोन्हीकडचे दहाच रुपये घेतो.
अकरा तारखा झाल्या,
तेवढ्या अंतराला गार्ड मिळत नाही.

"शांत आहे, मग तक्रार काय?"

लष्करातल्या आमच्या घरी
समईतलं तेल संपलं की आई
विझली म्हणू द्यायची नाही.
शांत झाली म्हण.
काळोखात आम्ही म्हणायचो,
आणि काडेपेटी शोधायचो.

हिंदीतही शब्द तोच.
माणूस गेला तरी तोच.
मी तो पुन्हा उच्चारते, जरा हळू,
आणि पुढे काही बोलत नाही.
न्यायमूर्ती चष्मा काढतात, पुसतात,
पान मागे उलटतात.

पंधरा दिवसांत तपासणी, अहवाल सादर.
दीड ओळ.

जिन्यात मुनशी भगोले विचारतात, जिंकलो का बाई?
गार्डचं पत्र टपालात टाकू नका, मी म्हणते,
मीच नेऊन देते.
सुटे दहा आहेत का?