मागच्या वर्षीची पूड

फ्रीजमध्ये, गोठलेल्या सुरमईखाली, दह्याचा डबा.
आत नर-खजुराची पिवळी पूड,
झाकणावर मुहन्नाचं अक्षर:
झुवैना, हा मसाला नाही.

फेब्रुवारीत मादीझाडांचे कोष फुटले
आणि चढायला माणूस नव्हता.
पुतण्या मस्कतहून म्हणाला,
काकू, वारा आहे की.

वाऱ्यावर सोडलेलं काय पिकतं, ते मी पाहिलंय.

त्याचा पट्टा कमरेला आवळला. चौसष्टाव्या वर्षी.
खाली फलजच्या पाटाशी शम्सा ओरडत होती, उतर, अगं उतर!
आधी काटे छाटले, मग उघडले फुलोरे;
मेणाच्या कण्या नुसत्या.
पूड टाकली चिमटीनं,
मीठ टाकावं तशी, अंदाजानं.

पुढचं माझ्या हातात नव्हतं.
कण रुजतो, आत आत एक नळी खणत नेतो,
तिच्यातून दोघे उतरतात.
एक बीजांडातल्या पेशीला भेटतो, त्याचा अंकुर.
दुसरा होतो अंकुराची शिदोरी.
त्या दुसऱ्याचं नाव कुणी विचारत नाही.

एका फुलात तीन घरं.
एक भरलं की दोन आपोआप गळतात.
पूड पोचलीच नाही तर तिन्ही फुगतात,
बिनबियांची, तुरट;
शेळीसुद्धा तोंड फिरवते.

जूनमध्ये एक कच्चा खजूर दातानं फोडला.
बी लागली.

त्याला पुरून आठ महिने झाले होते.

बी धुतली, डब्यात टाकली.
झाकण पुसलं नाही.