आधी दिवा, मग पातेलं

मागच्या दाराला एक पोचे गेलेलं पातेलं टांगलंय,
शेजारी लाकडी डाव, सुतळीने बांधलेला.
कुत्र्याला बाहेर सोडायचं तर
आधी दिवा, दोनदा उघडझाप.
मग पातेलं.
मग शंभरपर्यंत आकडे.
साठाच्या पुढे निकलला धीर धरवत नाही,
खरं सांगायचं तर मलाही.

त्या साली डोंगरात ओकला फळच धरलं नाही.
ऑक्टोबर अर्धा सरला तशी ती खाली उतरली,
मागे दोन पिल्लं.
ऑर्व्हलने पाखरांसाठी टांगलेली दाणापेटी
तिने दोन्ही पंज्यांत धरली, तिरकी केली
आणि सूर्यफुलाच्या बिया तोंडात ओतून घेतल्या,
पुडीतले शेवटचे शेंगदाणे ओतावेत तशा.
मी खिडकीत, हातात दात घासायचा ब्रश.
ओरडायचं सुचलं नाही.

ड्रमचे पणजे-खापरपणजे
याच खोऱ्यात अस्वलांना झाडावर चढवायचे.
त्याच कामासाठी जोपासलेली जात ही.
ऑर्व्हल म्हणायचा, रक्तात असतं.
असेल.
ड्रम तेरा वर्षांचा, दोन्ही कानांनी ठार बहिरा.
जाळीच्या दाराला नाक लावून उभा राहिला तेव्हा
मानेपासून शेपटीपर्यंत केस मात्र उठले.
भुंकला नाही.
कुणीतरी ओळखीचं नाव घ्यावं
आणि चेहरा आठवू नये, तसा उभा.

निकल भुंकला. निकल कशावरही भुंकतो.

डिलार्ड म्हणाला, व्हर्लीन,
बंदूक काय गंजायला ठेवलीस?
वनखात्याची किम्झी म्हणाली,
अस्वल राहू दे, आधी दाणापेटी हलवा.
कुत्र्यांचं खाणं आत. शेगडीची चरबी पुसून काढा.
कचऱ्याच्या पिंपात अमोनिया.
ड्रमने तिच्या बुटावर पाय वर केला
तरी पोर हसली.

सगळं केलं. दाणापेटी तेवढी राहिली.
ऑर्व्हलने ती शेवटच्या वसंतात ठोकली होती,
ऑक्सिजनची नळी खांद्यावर टाकून,
वाकड्या गेलेल्या एका खिळ्याला शिव्या देत.
मी म्हटलं, रविवारी काढू.
मग पुढच्या रविवारी.

मंगळवार होता. उजाडायचं होतं.
दार किलकिलं केलं आणि निकल पायांमधून सुटला.

तिने आधी पिल्लांना झाडावर पिटाळलं.
मग जमिनीवर पंजा आपटला, फुत्कारली,
दातांवर दात वाजवले,
कोरडे, कपड्यांच्या लाकडी चिमट्यांसारखे.
निकल चार हातांवर
आणि जन्मात पहिल्यांदा गप्प.
मी अनवाणी, ऑर्व्हलच्या कोटात.
पळू नका, किम्झीने बजावलं होतं.
पळायला गुडघे कुणाचे आणणार?
'बाई, त्याला अक्कल नाही,' मी म्हटलं, 'सोड त्याला.'
हे अस्वलाला.
कुत्र्याला हाक मारायची राहूनच गेली.

तेवढ्यात माझ्या मागून ड्रम आला,
कंबरेतून वाकडा, सावकाश,
आणि दोघांच्या मधोमध जाऊन बसला.
डिलार्ड हे गावभर शौर्य म्हणून सांगतो.
कंबर दुखली म्हणून बसला. मी ओळखते त्याला.
तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं,
नाक उचलून हवा हुंगली,
आणि वळली,
काहीतरी विसरलेलं आठवल्यासारखी.

उजाडल्यावर दाणापेटी काढली.
वाकडा खिळा निघेना. राहू दिला.

एप्रिलमध्ये ती पुन्हा आली, आता एकटी.
तिसऱ्या ठोक्याला मान वळवते,
कुंपणाच्या पडक्या भागातून निघून जाते.
घाई नाही.
कागदोपत्री अंगण माझं आहे, तिला कुणी सांगितलेलं नाही.
निकल उंबऱ्यावर बसून असतो,
आवाज झाल्याशिवाय पाऊल टाकत नाही.

दिवा किम्झीने सांगितला नव्हता.
दिवा ड्रमसाठी होता, त्याला पातेलं कसं ऐकू येणार?
मार्चपासून नुसत्या पातेल्याने भागतं.
हात आधी बटणाकडेच जातो.
उघड, झाक. उघड, झाक.
मग ठोके. मग आकडे.
सत्तावन्न.
अठ्ठावन्न.