सीडिया, २००७

पॅटर्न शॉपच्या जुन्या ड्रॉइंगमागं यादी:
टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, इंजिन माउंटिंग चारही,
क्लच प्लेट कोल्हापुरात मिळाली तर ठीक,
नाहीतर दिल्लीहून, म्हणजे दिवाळी.
मग पेन्सिल जरा सैल सुटते:
एक्झॉस्ट मोठा, कॉइलओव्हर, सतरा इंची अलॉय,
चोर्ल्याच्या वळणांना पुरेल एवढं सगळं.

गजबर मुल्ला चष्मा कपाळावर ढकलतो,
अलॉयवर काट मारतो,
सगळ्यात वर लिहितो, ब्रेक.
"थांबंना झालीया ती. आणि तू पळवायचं काय बोलतोस?"

इनटेकचा फ्लँज कुठंच नाही.
लाकडात मीच कोरीन, सागवानात,
धातू आकसतो तेवढं माप वाढवून.
शनिवारी पाळी सुटल्यावर
बसलिंग उद्यमबागेत ॲल्युमिनियम ओतेल.
पैशाचं काढलं की तो कन्नडात काहीतरी म्हणतो
आणि भट्टीकडं वळतो.

डाव्या सीटची कळ तुटलेली,
पाठ मागं कललेली, तशीच अडकून.
"ही पण लिहू?"

मिरजेहून येताना अण्णा तिथं आडवे झाले होते,
कृष्णेचा पूल आला की उठव म्हणून.
मी उठवलं नाही.
जागे झाले ते थेट यमकनमर्डीला
आणि बेळगावपर्यंत माझ्या ओव्हरटेकवर बोलत राहिले.
इतकं सलग ते नंतर कधी बोलले नाहीत.

"राहू दे की ती," मी म्हणतो.
गजबर सीटकडं बघतो, माझ्याकडं नाही,
आणि खाली लिहितो:
वायपर ब्लेड, दोन.