सोनेगाव, रात्री दीड

चारी दिशांनी चार टपालविमानं यायची तेव्हा,
मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास,
आणि मधोमध आमचे बाबा, डोमाजी गजभिये,
एका शहराची पोतडी दुसऱ्याच्या पोटात जाऊ नये म्हणून
कंदिलाच्या उजेडात शिशाच्या मोहरा चाचपत.
उतारू तोवर कँटीनमध्ये आम्लेट खात.

त्या रात्री धुकं. विमानं जमिनीला चिकटून.
सत्तावन्नचा पौष.
आदल्या दसऱ्यानंतर आम्ही घरातले देव
कन्हानच्या पाण्यात सोडून आलो होतो.

एक उंच, काळा माणूस उठला,
कोपऱ्यातल्या पियानोवरचे चहाचे पेले
एकेक करून खाली ठेवू लागला,
दुसऱ्याच्या घरातली भांडी हलवावी तसे.
गोऱ्यांनी मागे टाकलेला पियानो,
आतली बनात उंदरांनी खाल्लेली,
मधली एक पट्टी मुकी.

एझ्रा टॉलिव्हर, वायरलेसवाल्या बेंजामिननं सांगितलं,
तबकड्या निघतात याच्या.
तिकडं आर्कान्सात पऱ्हाटीच्या तासात जन्मला.
"पऱ्हाटी? आपल्यासारखी?"
"हो. मायबी वेचाले जाये त्याची."

तो गायला. बाबांना एक शब्द कळला नाही.
"गात नव्हता, सांगून राह्यला होता," बाबा म्हणत,
"एकच गोष्ट दोनदा, मंग तिसऱ्यांदा तिचं उत्तर.
बिमार माणसाजवळ बसल्यावानी."
डावा हात मालगाडी,
उजवा तिच्या टपावर चढलेलं पोर.
मुक्या पट्टीशी आला की
तेवढी जागा तो सोडून द्यायचा.
त्या जागेत धुकं ऐकू यायचं.

साडेतीनला जरा फाटलं.
निघताना त्यानं बाबांचा हात धरला, उलटा केला,
नखांच्या मुळाशी बोंडांचे जुने ओरखडे होते.
मग आपला हात शेजारी ठेवला.
बेंजामिन मध्ये बोलला नाही.

मद्रासच्या दोन पोतड्या त्या रात्री दिल्लीला गेल्या.
बाबांचा एक दिवसाचा पगार कापला.

पुढं मी नोकरीला लागले त्या वर्षी
सीताबर्डीच्या फुटपाथवर त्याची तबकडी मिळाली.
वेष्टनाच्या पाठीवर सगळं आयुष्य, अकरा ओळी:
चर्चमधला बाजा, दारूअड्ड्यांवरच्या रात्रपाळ्या,
शिकागोचा कत्तलखाना,
चार तबकड्या ज्यांचे पैसे कुणीतरी दुसऱ्यानंच नेले,
दोन बायका, एक तुरुंग,
म्हातारपणी युरोपात टाळ्या,
आणि हॉटेलच्या खोलीत मरण, भाडं थकलेलं.
हिंदुस्थान अर्ध्या ओळीत. नागपूर नाहीच.
मी दोनदा वाचून दाखवलं.
बाबा म्हणाले, "लिहिणाऱ्याले धुकं कोठून माहीत?"

घरात तबकडी वाजवायचं यंत्र कधीच आलं नाही.
ती पेटीत राहिली, लुगड्यांच्या घडीत.

मेयोत, शेवटच्या आठवड्यात,
खाटेच्या लोखंडी कठड्यावर त्यांची बोटं चालायची.
नर्स म्हणाली, हात थरथरतो, वयानं होतं.
मी मोजत बसले.
दर फेरीत एका ठिकाणी
बोट वर थांबायचं,
खाली यायचं नाही.